पेसाहचं आमंत्रण आलंय? पहिल्यांदा सेदेरला जाणाऱ्यांसाठी थोडं मार्गदर्शन

माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण ठाण्याला राहते. आडनाव एकदम अलिबागकडचं, गावाच्या नावाला 'कर'. दोन वर्षं आम्ही रोज एका लोकलने जायचो, डबा एकत्र खायचो, आणि ती ज्यू आहे हे मला कळलं ते एका दुपारी तिने माझी दह्याची वाटी बाजूला सरकवली आणि म्हणाली "आज माझ्या डब्यात मटण आहे गं, दही नको" तेव्हा. मला वाटलं डाएट वगैरे असेल.

तर पुढच्या एप्रिलमध्ये तिने मला घरी सेदेरला बोलावलं. मी नेटवर थोडं वाचलं, सगळं अमेरिकेतल्या घरांबद्दल, आणि मग जाऊन जेवढ्या म्हणून चुका करता येतात तेवढ्या केल्या. त्यानंतर चार वेळा जाऊन आलेय, आता तिच्या घरच्या काकू मला "काय आणू" विचारायच्या आत यादी पाठवतात. म्हणून म्हटलं लिहून ठेवावं, कारण मराठीत ह्याबद्दल काही सापडत नाही आणि बेने इस्रायल घरात बोलणं सगळं मराठीतच चालतं, त्यामुळे आपल्याला उगाच वाटतं की आपल्याला सगळं कळतंय.

आधी एवढं माहिती असू द्या. बेने इस्रायल म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी त्यांच्यातली कथा आहे. गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. १९४८ नंतर बरेच जण इस्रायलला गेले, आता देशात सगळे मिळून चार-पाच हजार ज्यू उरलेत, त्यातले बरेचसे मुंबई-ठाण्यात. पेसाह हा मिसर देशातल्या (म्हणजे इजिप्तमधल्या) गुलामीतून सुटल्याचा सण. मराठी बायबलमध्ये ह्याला वल्हांडण म्हटलंय, पण मैत्रिणीच्या घरी मी तो शब्द कधी ऐकला नाही, तिथे पेसाहच. आणि सेदेर म्हणजे त्या सणाच्या रात्रीचं टेबलावरचं सगळं, वाचन, गाणी, जेवण. शब्दाचा अर्थच 'क्रम'. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

१. तारीख विचारताना "संध्याकाळ कुठली" ते विचारा

ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. कॅलेंडरवर २ एप्रिल पेसाह लिहिलं असेल तर सेदेर १ तारखेच्या रात्री. हे न कळल्यामुळे एक दिवस उशिरा पोचलेले लोक मला माहीत आहेत. तसं भारतात सेदेर दोन रात्री करतात त्यामुळे अगदीच हुकणार नाही, पण तुम्हाला कुठल्या रात्री बोलावलंय ते स्पष्ट विचारा, पहिल्या रात्री बऱ्याचदा घरचेच असतात.

आपल्यासाठी सोपी खूण म्हणजे पौर्णिमा. बहुतेक वर्षी हनुमान जयंतीच्या मागेपुढे येतो. २०२४ ला सेदेर २२ एप्रिलला आणि हनुमान जयंती २३ ला, २०२५ ला दोन्ही १२ एप्रिललाच, २०२६ ला १ आणि २ एप्रिल. त्यांच्यातही अधिक महिना असतो, १९ वर्षांत सात वेळा, फक्त तो आपल्या अधिकाशी दरवेळी जुळत नाही, मग एखाद्या वर्षी सेदेर होळीच्या आसपास पडतो, २०२१ ला तसं झालं होतं. एरवी होळीच्या सुमाराला त्यांचा पुरीम येतो, आणि जुनी माणसं त्याला सरळ होळीचा सणच म्हणायची.

आणि एक, स्वतःहून "मला पण बोलवा ना" करू नका. काही घरांत पेसाहला बाहेरच्यांना बोलवत नाहीत, त्यामागे धार्मिक कारणं आहेत, ती तुमच्याबद्दल नसतात. तिथे रोश हशानाला, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाला, किंवा लग्नाच्या मलिद्याला (गोड पोहे-नारळ-फळांचा विधी) बोलावतील. ते पण छानच असतं.

२. घरी केलेलं काहीही नेऊ नका

हा मुद्दा सगळ्यात मोठा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

पेसाहच्या आठ दिवसांत घरात खमीर ठेवत नाहीत. खाणं सोडाच, घरात असणंसुद्धा नको. आणि खमीर म्हणजे नुसता पाव नाही. गहू, बार्ली, ओट्स, राय, स्पेल्ट ह्या पाच धान्यांचं पीठ पाण्याला लागून १८ मिनिटांत भाजलं गेलं नाही तर ते खमीर. म्हणजे आपली पोळी गेली, रवा-मैदा-शेवया गेल्या, बिस्किटं, खारी, नानकटाई, केक सगळं गेलं, बिअर पण गेली.

मी काय नेलं असेल? पुरणपोळ्या. पाडवा नुकताच झालेला, आईने मुद्दाम केल्या होत्या, बारा पोळ्या, तुपाचं छोटं भांडं वेगळं, केळीच्या पानात बांधून वरती स्टीलचा डबा. काकूंनी दार उघडलं, डबा बघितला, आणि हात पुढे केला तो तसाच मागे घेतला. मला एकदम वाटलं काय झालं, माझ्याकडून घेत नाहीत की काय. मग हसल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, आठ दिवस घर घासतेय मी ह्याच्यासाठीच, आणि तू पुरणपोळी घेऊन उभी?" मग मीच तो डबा समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींकडे नेऊन दिला. त्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी आवडीने खाल्ल्या, माझ्या मैत्रिणीला वास आला म्हणे पॅसेजमध्ये.

आठ दिवस घर घासतेय हे खरं बरं का. काकूंच्या सासूबाई सांगतात की पूर्वी गावाला पेसाहच्या आधी घराला पांढरा रंग काढायचे, तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करून घ्यायचे. आता पेसाहची भांडी वेगळी असतात, वर्षभर माळ्यावर बांधून ठेवलेली. कपाटांचे कोपरे, मिक्सरची रिंग, सोफ्याच्या फटी, सगळीकडून कण काढतात. आपली दिवाळीची साफसफाई म्हणजे ह्याच्यापुढे काहीच नाही. मग तुम्ही दारात खारीचा पुडा घेऊन गेलात की त्या बाईच्या पोटात काय होत असेल विचार करा.

दुसऱ्या वर्षी मी हुशारी केली. पीठ नको ना, मग बटाट्याची सुकी भाजी. तर काकू म्हणाल्या, "फोडणीत हिंग घातलास?" घातला होता. डबीवाला बांधणी हिंग. घरी जाऊन डबी उलटी करून बघा, त्यात गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. मला पस्तिशीपर्यंत हे माहीत नव्हतं! भाजी परत गेली.

शिवाय पीठ नसलं, हिंग नसला तरी तुमची कढई, तुमचा झारा वर्षभर पोळ्या-मटणाच्या स्वयंपाकघरातला. त्यामुळे "बेसनाचे लाडू चालतील का, तांदळाचं काही चालेल का" असले प्रश्न डोक्यात आणूच नका. तांदळाचं तर घराघरात वेगळं आहे. बेने इस्रायल घरात भात चालतो, मी दरवेळी खाल्लाय, पण युरोपातून आलेल्या अश्केनाझी ज्यूंमध्ये पेसाहला भात-डाळी पण नसतात. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांनी हे लक्षात ठेवा, न्यू जर्सीतल्या शेजाऱ्याकडे जाल तर इथला नियम तिथे लावू नका.

३. मग काय न्यायचं

अख्खी फळं, न कापलेली. एप्रिल आहे, हापूस आहे, एवढा विचार कशाला करायचा! डझनभर आंबे नेले की घरातले सगळे खूश. गवतात भरलेले असतील तर ते गवत बाहेरच झटका. फुलं पण चालतात, मोगरा, निशिगंध. लहान मुलं असतील तर पुस्तक किंवा पत्त्यांचा कॅट.

नको असलेल्या गोष्टी: मिठाईच्या दुकानातला कुठलाही बॉक्स, चॉकलेट, ड्रायफ्रूटचे मसालेवाले पुडे, आणि वाइन. वाइनचं कारण असं की ती कोशरच, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांनी केलेली, लागते आणि आपल्याला ती ओळखता येत नाही. काही घरांत ज्यू नसलेल्या माणसाने वाइन ओतलेली पण चालत नाही, तेव्हा बाटली उचलून "मी वाढते" करू नका. बेने इस्रायल घरांत बऱ्याचदा वाइनऐवजी काळ्या मनुकांचं सरबत करतात, भिजवून, कुस्करून, गाळून. मला तर तेच जास्त आवडतं, सकाळी डोकं पण दुखत नाही.

४. सोबत ठेवायच्या वस्तू

फोटो ओळखपत्र, मूळ, म्हणजे आधार किंवा लायसन्स. घरी जायला लागत नाही पण आधी सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला चला म्हणाले तर लागेल. २००८ ला मुंबईतल्या नरिमन हाउस ह्या ज्यू केंद्रावर हल्ला झाला त्यानंतर मुंबई-ठाण्यातल्या सिनेगॉगना बंदोबस्त असतो, पोलीस नाव लिहून घेतात, पिशवी बघतात. त्यात अपमान वाटून घेऊ नका. आणि यजमानांना आधी सांगून ठेवा म्हणजे ते आत नाव देऊन ठेवतील, ऐनवेळी गेटवर उभं राहून फोन लावत बसू नका, ते आत प्रार्थनेत असतील आणि फोन उचलणार नाहीत.

पुरुषांनी डोकं झाकायला स्वच्छ रुमाल न्या, तिथे टोपी मिळते पण असलेला बरा. बायकांनी नेहमीचे सणाचे कपडे, साडी किंवा पंजाबी ड्रेस, बाह्या असलेला. काकू पैठणी नेसतात.

बाकी चष्मा (खूप वाचायचं असतं), आणि परतीच्या प्रवासाची सोय. ती पुढे सांगते.

५. चार-पाच वाजता पोटभर खाऊन निघा

खरंच. "जेवायला बोलावलंय" म्हणून दुपारपासून उपाशी राहू नका. एप्रिलमध्ये सूर्य मावळतो सातला, मग अंधार पडल्यावर सुरुवात, आणि ताटात भात पडेपर्यंत साडेनऊ-दहा. त्याच्या आधी जे खायला मिळतं ते म्हणजे मिठाच्या पाण्यात बुडवलेली सेलरीची काडी, मात्साचा (बेखमीर भाकरीचा) तुकडा आणि कडू पाला. मी पहिल्या वर्षी सकाळचे पोहे खाऊन तशीच गेलेले, नऊ वाजता माझ्या पोटातून असा आवाज आला की शेजारी बसलेला मैत्रिणीचा सात वर्षांचा भाचा पुस्तकातून वर बघून म्हणाला "मावशी, हे पण वाचायचं असतं का?"

आणि हे जेवणावर संपत नाही, जेवणानंतर अजून तासभर असतं. पहिल्या वर्षी मी अकराला लोकलच्या धास्तीने उठले आणि नेमका चांगला भाग बुडाला. आता मी आधीच सांगून त्यांच्याकडेच झोपते. तुम्हाला जमत नसेल तर शेवटच्या गाडीचा टाइम बघून ठेवा, परतीची गाडी आधीच ठरवा. कारण घर कडक पाळणारं असेल तर सणाच्या रात्री ते फोनला हात लावणार नाहीत, म्हणजे तुमच्यासाठी कॅब पण बुक करता येणार नाही.

६. दारात काय बोलायचं

"शालोम" चालतं. सणाच्या शुभेच्छा हिब्रूत द्यायच्या असतील तर "खाग समेआख". ते 'ख' घशातून काढायचं असतं, जमलं नाही तरी 'ख'च म्हणा, पण कृपा करून 'ह' म्हणू नका. मराठी घर आहे, सगळ्यांना मराठी कळतं, 'ह' म्हटलात तर काय ऐकू जाईल ते मी सांगायला नको. एकाने म्हटलेलं आहे. मैत्रिणीच्या काकांनी पाणी पिता पिता ठसका लागल्याचं नाटक केलं.

"सणाच्या शुभेच्छा, काकू" हे सगळ्यात बेस्ट.

काय बोलू नये ते जास्त महत्त्वाचं. मी आजींना, म्हणजे काकूंच्या सासूबाईंना, पहिल्याच दिवशी म्हटलं, "आजी, तुम्ही किती छान मराठी बोलता!" त्यांनी चष्म्यातून बघितलं आणि म्हणाल्या, "तुझ्यापेक्षा बरंच बोलते. तू आत्ता 'मी आली' म्हणालीस दारात." आजींचं बालपण रेवदंड्याला गेलं, जात्यावरच्या ओव्या त्यांना माझ्या आजीपेक्षा जास्त येतात. "मूळचे कुठले तुम्ही" हे पण विचारू नका, आडनावात लिहिलेलं असतं.

इस्रायलच्या राजकारणावर पण गप्प बसा. प्रत्येकाचं कोणी ना कोणी तिकडे आहे, अश्दोदला नाहीतर दिमोनाला, आणि तुम्ही टीव्हीवर जे ऐकलं ते त्यांना त्या रात्री ऐकायचं नसतं, बाजू कुठलीही असो.

७. टेबलावर काय होतं आणि तुम्ही काय करायचं

इथे जरा सविस्तर लिहिते कारण इथेच नवा माणूस गोंधळतो.

मधोमध एक ताट असतं. त्यात भाजलेलं हाड, भाजलेलं उकडलेलं अंडं, कडू पाला, सेलरी किंवा कोथिंबिरीसारखं काहीतरी हिरवं, आणि खजुराच्या घट्ट पाकात कुटलेले बदाम-अक्रोड. ते ताट बघायला आहे, त्यातलं उचलून खाऊ नका. खायला वेगळं येतं. तो खजुराचा पाक दिसायला हुबेहूब भेळेची गोड चटणी. गुलामीत विटा लिंपायला जो चिखल तुडवला त्याची आठवण म्हणून तो रंग. बाजूला झाकलेल्या तीन मात्सा, म्हणजे बेखमीर भाकरी, कडक पापडासारख्या, बेचव. चव नसणं हाच मुद्दा आहे, घाईत निघाले, पीठ फुगायला वेळ नव्हता. "थोडं मीठ असतं तर" असं म्हणू नका. मी म्हटलं होतं.

प्रत्येकाच्या हातात हगदा येतो, म्हणजे त्या रात्रीचं पुस्तक. उजवीकडून उघडायचं. आपल्याकडे मराठी हगदा फार जुना आहे, १८४६ ला मुंबईत मराठी भाषांतरासकट छापलेला, आणि १८७४ ला पुण्यात छापलेल्यात तर मात्सा करणाऱ्या बायकांचं चित्र आहे, साड्या नेसलेल्या. मैत्रिणीच्या घरी झेरॉक्स काढून स्पायरल केलेला आहे, हिब्रू, खाली देवनागरीत हिब्रूचा उच्चार, आणि मराठी अर्थ. तुमच्यावर वाचायची पाळी येणार, हे गृहीत धरा. मराठी परिच्छेद देतील. "मी नको, मी पाहुणी" करू नका, वाचा. भाषा जुन्या बायबलसारखी असते, अडखळलात तरी कोणी हसत नाही.

सुरुवातीलाच एक वाक्य येतं, जो कोणी भुकेला असेल त्याने यावं आणि जेवावं. ते हिब्रूत नाही, अरामीत आहे, म्हणजे त्या काळच्या लोकांच्या रोजच्या बोलीत. आजींनी मला ते वाचताना पुस्तकावर बोट ठेवून दाखवलं होतं.

मग सगळ्यात लहान मूल विचारतं, आजची रात्र बाकीच्या रात्रींपेक्षा वेगळी का? आणि पुढचं सगळं वाचन म्हणजे त्याचं उत्तर. पुढे चार मुलांचा भाग येतो, एक शहाणा, एक वाईट, एक साधा, आणि एक ज्याला प्रश्नच विचारता येत नाही. त्या चौथ्याबद्दल लिहिलंय की त्याला तूच स्वतःहून सांगायला लाग. पहिल्या वर्षी तिथे पोचल्यावर काकांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, आणि त्यानंतर मला जे पडले ते सगळे प्रश्न मी विचारले, हाड कशाला, अंडं कशाला, डावीकडे कलून का बसायचं. कोणी कंटाळलं नाही, उलट भाचा आणि काका उत्तरावरून भांडले. म्हणजे इथे गप्प बसून आदर दाखवायची गरज नाही. विचारायचं. फक्त वाचन चालू असताना मधेच तोडू नका, परिच्छेद संपू द्या.

अजून काही छोटे सापळे:

चार पेले प्यायचे असतात, ठरलेल्या वेळी. तहान लागली म्हणून मधेच सरबत संपवू नका, पाणी मागा. पिताना डाव्या अंगाला कलायचं, राजासारखं, गुलाम असं बसत नसत. आजींसाठी लोड ठेवलेला असतो, बाकीच्यांनी खुर्चीतच वाकायचं.

हात दोनदा धुतात. दुसऱ्यांदा धुतल्यावर मात्सा तोंडात जाईपर्यंत कोणी बोलत नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी बेसिनजवळून ओरडले "काकू टॉवेल कुठाय?" तर अख्खं टेबल माझ्याकडे बघून नुसतं बोट दाखवतंय, तोंड बंद, मला वाटलं काहीतरी भयंकर झालं.

दहा संकटांची नावं घेतात तेव्हा प्रत्येक नावाला बोटाने पेल्यातला एक थेंब ताटलीत टाकतात. शत्रूवर, म्हणजे मिसरवर, आलेली संकटं, पण माणसं मेली, म्हणून आपला आनंद तेवढा कमी करायचा. ते बोट चाटायचं नाही. हात आपोआप तोंडाकडे जातो, लक्ष ठेवा.

कडू पाला थोडाच घ्या. काकूंकडे लेट्यूस असतं, ते सोपं. काही घरांत हॉर्सरॅडिश किसून देतात, त्याने नाकातून धूर निघतो.

८. जेवताना

शाकाहारी असाल तर आठवडाभर आधी सांगा, ऐनवेळी नाही. काकूंकडे नारळाच्या दुधातलं मटण असतं, हिरवा मसाला, भाताबरोबर, आणि ते खाल्ल्यावर मला कळलं की एवढा नारळ का, मटणाबरोबर दूध-दही-तूप चालत नाही म्हणून. तेव्हा ताक, दही, कोशिंबिरीत सायीचं दही, भातावर तूप, काही मागू नका. जेवणानंतर "चहा टाकू का?" पण नको, दुधाचा चहा मटणानंतर काही तास बंद. कोरा चहा पण त्या रात्री नकोच, कारण शेवटी लपवलेल्या मात्साचा तुकडा सगळे खातात आणि त्यानंतर काहीच खायचं नसतं, फक्त उरलेले दोन पेले आणि पाणी. मी पर्समधून बडीशेपेची डबी काढून फिरवली होती. सगळ्यांनी नम्रपणे नाही म्हटलं.

तो तुकडा मुलं शोधतात, किंवा लपवतात आणि बदल्यात काहीतरी उकळतात. भाच्याने गेल्या वर्षी क्रिकेटची बॅट मागितली, काका बॉलवर तयार झाले, शेवटी तह झाला.

९. दार उघडायची वेळ

जेवणानंतर एक पेला भरून ठेवतात तो कोणी पीत नाही. तो एलियाहू हनाबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याचा. बेने इस्रायल लोकांचा ह्यांच्यावर फार जीव. अलिबागजवळ सागाव-खंडाळ्याला एका खडकावर त्यांच्या रथाच्या खुणा आहेत असं मानतात, नवस फेडायला जातात, मलिदा करतात, गोड पोहे, नारळ, फळं. तर त्या पेल्याच्या वेळी घराचं दार उघडतात. सगळे उभे राहतात. तुम्ही पण राहा.

पहिल्यांदा हे मी बुडवलं होतं, दुसऱ्या वर्षी मलाच दार उघडायला सांगितलं. मी एकदम गंभीर होऊन कडी काढली, दार उघडलं, तर समोरच्या वहिनी नेमक्या कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आलेल्या, गाउनमध्ये. त्या म्हणाल्या "अगं तू! गेल्या वर्षीचा डबा राहिलाय तुझा माझ्याकडे." आजी आतून म्हणाल्या, "आता आलीयस तर तू पण ये आत." आणि वहिनी खरंच आल्या, डोक्यावर पदर म्हणून टॉवेल घेऊन, शेवटच्या गाण्यापर्यंत बसल्या.

१०. फोटो

विचारल्याशिवाय नाही. काही घरांत सणाला फोन, दिवे, काहीच चालू-बंद करत नाहीत. बाथरूममधून येताना सवयीने दिवा बंद करू नका, चालू असेल तर चालू राहू द्या, तो मुद्दाम ठेवलेला असू शकतो. ताटाचा फोटो हवाच असेल तर संध्याकाळी सूर्यास्ताच्या आधी विचारून काढा.

११. परत बोलावताना

हे कोणी सांगत नाही पण विचार करून ठेवा. तुम्ही त्यांना गणपतीला बोलवाल. येतील, आरास बघतील, बसतील. पण देवाला दाखवलेला नैवेद्य किंवा प्रसाद बरेच जण घेत नाहीत, त्यांच्या धर्मात ते बसत नाही. हातावर मोदक ठेवून "अहो एवढा तरी" असा आग्रह करू नका. मी काकूंसाठी आरतीच्या आधीच शहाळं आणि केळी बाजूला काढून ठेवते, नैवेद्यात न गेलेली. पहिल्या वर्षी आईला ते जरा लागलं. मग मी तिला तिच्या बारा पुरणपोळ्यांची आठवण करून दिली तर म्हणाली, "हो गं, त्यांनी पण आपलं परतच केलं होतं ना," आणि हसायला लागली.

गणपतीच्या मागेपुढे त्यांचं नवं वर्ष येतं, रोश हशाना, ह्याला आजी नव्याचा सण म्हणतात. तेव्हा काकू आमच्याकडे चिकाचा हलवा पाठवतात, गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध, वड्या कापून, वरती पिस्ते. डबा रिकामा परत द्यायचा नाही ही आपली पद्धत, आणि आपल्या घरचं शिजवलेलं त्यांना चालेल की नाही शंका. आई दोन दिवस विचार करत होती. शेवटी पाच सीताफळं घातली त्यात, झाकण लागेना म्हणून वरून रुमाल बांधला.